डावा कोपरा आणि रिकामा रकाना

परवा रात्री साडेआठला मोलगीला एक फोन केला. तीनदा लागलाच नाही, चौथ्यांदा लागला आणि दोन मिनिटांत संपला. पण त्या दोन मिनिटांमागे पाच महिन्यांची गोष्ट आहे आणि त्यात माझा एक अस्सल आयटी छाप गाढवपणा आहे. म्हटलं, या विकांताला तीच सांगून टाकावी. माझं मन हलकं होईल, आणि एक्सेल उघडून माणसं मोजायची सवय लागलेल्या इतरांना झालाच तर उपयोगही होईल.

माझा इंजिनिअरिंगचा रूम पार्टनर नंदुरबारचा. हॉस्टेलच्या कबड्डी टीमचा तो कॅप्टन आणि मी गुण लिहिणारा. (खेळून मीही बघितलं होतं. पहिल्याच चढाईत चष्मा तुटला. असो.) आता तो नोकरी सांभाळून पुण्यातल्या एका छोट्या अकादमीचं काम बघतो. बारा-पंधरा पोरं, एक मॅट, दोन खोल्यांचं हॉस्टेल आणि एक जुने खडूस कोच. नोव्हेंबरमध्ये त्याचा फोन आला.

"अरे, डावा कोपरा पाहिजे आम्हाला. कॉलेजच्या चाळीस पोरांचे अर्ज आलेत. चाचणीला बाराच बोलवता येतील. तू ते डेटा-बिटा करतोस ना? बघ की जरा."

आता मला कोणी 'डेटा' म्हटलं की मी नाही म्हणूच शकत नाही. शनिवारी सकाळी चहा घेऊन बसलो ते थेट जेवायलाच उठलो. बायको म्हणाली, "ऑफिसचं काम एवढ्या उत्साहानं करत जा." :)

ज्यांची कबड्डी शाळेतच सुटली त्यांच्यासाठी थोडं. बचाव करणारे सात जण, आणि त्यांच्या साखळीची दोन टोकं म्हणजे दोन कोपरे. पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर, म्हणजे एका बाजूला साडेसहा मीटर. चढाई करणाऱ्याला ३० सेकंद. मधल्या रेषेपासून पावणेचार मीटरवर निदान रेषा, आणि तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा. समोर सहा किंवा सात जण असतील तर बोनस मिळतो, पण तो घेताना एक पाय रेषेपलीकडे टेकवायचा आणि दुसरा हवेत पाहिजे. कोपऱ्याचा जीव त्या एका क्षणात असतो. गडी एका पायावर आहे किंवा परत जायला वळतोय, तेवढ्यात घोटा धरायचा. अर्धा सेकंद आधी झेपावलात तर तो उडी मारून निसटतो, अर्धा सेकंद उशीर झाला तर तुमच्या हातात माती. (किंवा मॅटचा रबरी वास.)

या अर्ध्या सेकंदाला आता भाव आलाय. २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली तेव्हा पहिल्या लिलावात सगळ्यात महाग खेळाडू होता राकेशकुमार, १२ लाख ८० हजार. २०१८ मध्ये यू मुंबाने इराणच्या फजल अत्राचलीला एक कोटीला घेतलं. लीगमधला तो पहिला कोट्यधीश, आणि तो चढाईवाला नाही, डावा कोपरा! २०२३ मध्ये पुणेरी पलटणने मोहम्मदरेझा शादलूला २ कोटी ३५ लाखांना घेतलं. तोही डावा कोपरा, तोही इराणी. पुढच्या मार्चमध्ये पलटण पहिल्यांदा विजेती झाली, तेव्हा आमच्या सोसायटीत फटाके वाजले होते. त्यामुळे गावोगावच्या पोरांना कोपऱ्यात उभं राहावंसं वाटू लागलं तर नवल नाही.

माणसं निवडायचं हे शास्त्र मी जवळून पाहिलं ते ह्यूस्टनला. २०११-१२ मध्ये तिथे ऑनसाईट होतो. क्यूबमधला शेजारी अमेरिकन फुटबॉलचा वेडा. मला त्या खेळात ओ की ठो कळेना. शेवटी एकदा त्याने 'डिफेन्सिव्ह एंड' दाखवला : बचावफळीच्या टोकाला उभा राहणारा, कडेने घुसून चेंडू फेकणाऱ्यालाच आडवा करणारा. मी म्हटलं, "अरे, हा तर आमचा कोपरा!" त्यानंतर जरा बरं चाललं.

तिथे कॉलेजमधल्या खेळाडूंची आधी चाचणी होते आणि मग व्यावसायिक संघ पाळीपाळीने त्यांना निवडतात. चाचणीत काय मोजत नाहीत ते विचारा. हाताची लांबी, पंजाची रुंदी, ४० यार्ड धावायचा वेळ, उभ्या जागेवरून उडी, १०२ किलोचा बार किती वेळा उचलला, सगळं. २००८ मध्ये व्हर्नन गोल्स्टन नावाच्या पोराने तो बार ३७ वेळा उचलला. कॉलेजमधल्या शेवटच्या वर्षी त्याने १४ वेळा चेंडू फेकणाऱ्याला पाडलं होतं. न्यूयॉर्क जेट्सने त्याला सहाव्या क्रमांकावर उचललं. जेट्सकडे तीन मोसमांत त्याने किती वेळा पाडलं? शून्य. उलट जॅरेड ॲलन आयडाहो स्टेटसारख्या लहान कॉलेजातला. २००४ मध्ये १२५ जणांची निवड झाल्यावर त्याचं नाव आलं. निवृत्त होईपर्यंत त्याने १३६ वेळा पाडलं आणि २०२५ मध्ये त्या खेळाच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला. आणि मी होतो तेव्हा ह्यूस्टनचा लाडका जे. जे. वॉट. त्याने एक कॉलेज सोडलं, दुसऱ्या कॉलेजच्या संघात शिष्यवृत्तीशिवाय स्वतःहून गेला, मधल्या काळात घरोघरी पिझ्झा पोचवले. २०११ मध्ये ह्यूस्टनने त्याचं नाव पुकारलं तेव्हा त्यांच्याच काही चाहत्यांनी हुर्यो केली होती. पुढे तो तीनदा वर्षातला सर्वोत्तम बचावपटू ठरला.

हे सगळं मला पाठ होतं. पार्टीत सांगायचो. आणि तरीही...

तरीही मी शीट केली ती अशी : उंची, वजन, हात पसरल्यावरची लांबी, ३० मीटर धावायचा वेळ, व्हिडिओत केलेल्या पकडी, त्यातल्या यशस्वी किती, मॅटवर खेळलेले सामने. प्रत्येकाला भारांक, शेवटी एकूण गुण. वरचे बारा हिरवे, बाकीचे लाल. बघायला इतकी सुंदर की मी स्क्रीनशॉट काढून ठेवला.

चौतिसाव्या नंबरवर मोलगीचा एक पोरगा होता. वय १९, तालुक्याच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. वजन ६४ किलो. ३० मीटरचा वेळ : रिकामा. मॅटवरचे सामने : रिकामे. व्हिडिओ सहा मिनिटांचा, संध्याकाळच्या उजेडात कुणीतरी मोबाईल हलवत काढलेला. त्यात पकडी : एकही नाही. रिकाम्या रकान्यांनी माझं रँकिंगचं सूत्र बिघडत होतं, म्हणून मी सगळीकडे शून्य भरलं. शेरा लिहिला : 'निष्क्रिय.' आणि खालच्या ओळीवर गेलो.

डेटाबेसवर काम केलेल्यांनी इथे कपाळावर हात मारला असेल. फ्रेशर पोरांना आपण पहिल्या आठवड्यात काय शिकवतो? नल म्हणजे शून्य नव्हे. शून्य म्हणजे मोजलं आणि काही निघालं नाही. नल म्हणजे कोणी मोजलंच नाही. बँकेच्या प्रोजेक्टमध्ये ही चूक एखाद्या ज्युनियरने केली असती तर मी त्याला तासभर पिळलं असतं.

डिसेंबरमध्ये मित्राच्या घरचं लग्न होतं, तळोद्याला. मीही गेलो. तिथे त्याच्या ओळखीचे एक गुरुजी भेटले, मोलगीकडच्या आश्रमशाळेत शिकवणारे. त्या पोराचा अर्ज त्यांनीच पाठवला होता. "निवड झाली नाही ते ठीक आहे," ते म्हणाले, "पण आलाच आहात तर एकदा बघून जा. उद्या मॅच आहे." त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, त्यामुळेच जास्त लाजल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी निघालो. अक्कलकुवा सोडलं की देवगोईचा घाट लागतो आणि सातपुडा सुरू होतो. पुण्यात आपण उपासाला जी भगर खातो तिचं हे माहेर. भगर, आमचूर, मोहाची फुलं, सगळं या डोंगरातून खाली उतरतं. मोलगी म्हणजे आसपासच्या पाड्यांची बाजारपेठ. जवळच काठी, तिथली राजवाडी होळी बघायला लांबून माणसं येतात. मला मात्र घाटात फोनची रेंज गेली तेव्हाच कळलं, की सहा मिनिटांचा तो व्हिडिओ पाठवायला गुरुजींना काय काय करावं लागलं असेल. (नंतर सांगितलं त्यांनी. अक्कलकुव्याला उतरून पाठवला होता.)

मैदान मातीचं, चुन्याने आखलेलं. मी वही काढली. जुनी सवय, गुण लिहिणारा ना मी! पहिल्या वीस मिनिटांत समोरच्या संघाच्या २२ चढाया झाल्या. आमचा पोरगा डाव्या कोपऱ्यात, किंचित वाकून, हात गुडघ्यांपुढे, गप्प. माझ्या वहीत त्याच्यापुढे काहीच लिहिलं जाईना. मनात आलं, निष्क्रिय लिहिलं ते काही चुकलं नव्हतं.

मग मी चढाई कुठल्या बाजूला गेली तेही लिहायला लागलो. आणि दहा मिनिटांत पेन थांबलं. चढाईवाले त्याच्याकडे जातच नव्हते! मधल्या रेषेवरून आले की आपोआप दुसऱ्या बाजूला सरकायचे, बोनसही तिकडूनच बघायचे. उत्तरार्धात वेळ संपत आला, संघ मागे, तेव्हा कुठे ते डावीकडे गेले. पाच वेळा. चार वेळा घोटा धरला गेला, एकदा निसटला. चारही वेळा तो हललाच नाही. आता जातोय, आता जातोय असं आपल्याला वाटावं आणि मग गडी वळल्यावर, पाय उचलल्यावर, एकदम खाली.

मॅच संपल्यावर समोरच्या संघातल्या एका चढाईवाल्याला विचारलं, "डावीकडे का जात नव्हतास?" तो माझ्याकडे बघून हसला. "तिथं गेलं की पाय जातो."

बघा, सहा मिनिटांच्या व्हिडिओत शून्य पकडी हीच त्याची कामगिरी होती. मी ती त्याच्या खात्यात वजा करून टाकली होती.

मग मी पुण्याहून आलेल्या माणसाला शोभेल असा प्रश्न विचारला : "हे शिकलास कसं? डोंगरात बकऱ्या-बिकऱ्या पकडून?" तो आधी गोंधळला, मग लाजत म्हणाला, "नाही सर, यूट्यूबवर. फजलचे व्हिडिओ. गुरुजी डाऊनलोड करून आणतात." घ्या! माझ्या डोक्यातला 'सातपुड्याचा वाघ' वगैरे लेख तिथेच गारद. पोरगा माझ्याइतकाच आजचा होता. फक्त त्याच्याकडे रेंज नव्हती.

इथे गोष्ट संपली असती तर छान झालं असतं. चूक कळली, नंबर सुधारला, चला जेवायला. पण गुरुजी म्हणाले, घरी येऊन वडिलांशी बोला.

घर पाड्यावर, चढावर. अंगणात बसलो. वडील माझ्याच वयाचे असतील, दिसायला दहा वर्षांनी मोठे. आईने पाणी दिलं. मित्राने सांगितलं : जानेवारीत चाचणी, जमलं तर तीन महिने पुण्यात, राहणं-जेवण अकादमीचं, पैसे नाहीत. वडील शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "साहेब, उचल घेतलीय."

मला कळलं नाही. गुरुजींनी समजावलं. या भागातली बरीच कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात. एक कोयता म्हणजे दोन माणसं, आणि मुकादम कोयत्यामागे आगाऊ पैसे देतो. आईवडिलांचा एक कोयता, पोरगा आणि त्याचा चुलतभाऊ यांचा दुसरा. उचलीचे पैसे घराच्या पत्र्यांवर लागले होते. मुकादमाची गाडी दहा दिवसांनी येणार होती. पोरगा पुण्याला गेला तर एक कोयता मोडला. कॉलेज? परीक्षेला येऊन जायचं, गेल्या वर्षी तसंच केलं होतं.

मित्र म्हणाला, पैशाचं काहीतरी बघू. मीही खिशाकडे हात नेल्यासारखं केलं असेल. वडिलांनी मान हलवली. "पैशाचं मी बघतो. तुम्ही सांगा, होईल का याचं?"

मंडळी, मी इतकी वर्षं अंदाजपत्रकं देतोय. क्लायंटला 'सहा आठवडे' सांगताना पापणी लवत नाही. इथे तोंड उघडेना. आपल्या भाषेत चुका दोन प्रकारच्या. चांगल्याला नाकारणं, ती मी करून बसलो होतो. आणि कच्च्याला होकार देणं. आजवर मला वाटायचं दुसरी चूक संघाला महाग पडते. जेट्सचे पैसे बुडाले, बुडू देत. पण अंगणात बसल्यावर दिसलं, की मी पहिल्या चुकीची भरपाई म्हणून मोठ्या तोंडाने हो म्हटलं, तर त्या होकाराची किंमत हे घर कोयत्याने फेडणार. पोरगा दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. मॅचमध्ये उभा होता तसाच, न हलता.

मी जे माहीत होतं तेवढंच सांगितलं. की याच्याकडे थांबायची अक्कल आहे, ती फार थोड्यांकडे असते. की वजन कमी आहे, मोठ्या पुरुषांच्या गटात मर्यादा ८५ किलो असते आणि समोर ऐंशीचे गडी येतील. की मॅटवर तो कधी खेळलेला नाही, आणि तिथे काय होईल ते आम्हाला माहीत नाही. की टीव्हीवर दिसेल असं वचन देणारा कोणी भेटला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. "आणि तीन महिन्यांनी काय ते मी स्वतः फोन करून सांगीन. नाही जमलं तरी सांगीन. लटकत ठेवणार नाही."

वडील बराच वेळ बोलले नाहीत. मग आईशी भिलीत काहीतरी बोलले. "भाच्याला घेतो कोयत्यावर," ते म्हणाले. "तीन महिने."

जानेवारीतली चाचणी मी खुर्चीच्या कडेवर बसून पाहिली. पहिला दिवस वाईट गेला. आयुष्यात पहिल्यांदा मॅटचे बूट घातलेले, पाय रुतायच्या सवयीचे, इथे घसरत होते. दोनदा गडी त्याच्या अंगावरून गेला. मला घाट आठवत होता, आणि पत्रे. दुसऱ्या दिवशी कोचनी त्याला तासभर आधी बोलावून नुसतं चालायला लावलं, वाकून, बाजूला, मागे. दुपारी त्याने पहिला घोटा धरला. तिसऱ्या दिवशी तीन.

कोचचा निकाल एका दमात : "पोरगा घाई करत नाही, ते मला शिकवता येत नाही. वजन मी वाढवतो. पण हा बोलत नाही. कोपरा मुका असला तर शेजारच्याला कळणार कसं कधी यायचं ते?" हे मात्र खरं होतं आणि माझ्या शीटमध्ये त्याचा रकानाच नव्हता. शेजारी उभा राहणारा पोरगा सांगलीचा, त्याची मराठी रेल्वेसारखी धावणारी. याचा मराठी शब्द जुळेपर्यंत गडी परत जायचा. शेवटी कोच वैतागून म्हणाले, "तुझ्या भाषेत ओरड ना लेका!" आता तो भिलीत ओरडतो आणि सांगलीचा पोरगा बरोबर धावून येतो. हा तोडगा कुठल्याही सूत्रातून निघाला नसता.

मधले तीन महिने मी दर रविवारी जात राहिलो, वही घेऊन. कुठली बाजू टाळली, हा रकाना आता पहिला असतो. आणि ज्या पोरांचं काही मोजलेलंच नाही तिथे शून्य भरत नाही. 'माहीत नाही' असं लिहितो आणि त्यांची वेगळी यादी करतो. पहिल्या चाळीस अर्जांत असे सात होते. त्यांचे व्हिडिओ पुन्हा मागवलेत.

तर परवाचा फोन. तीन महिने पूर्ण झाले होते, ते लोक गुजरातेतून परतले होते. मी कोचचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं : वजन ६८ झालंय. घोटा पकड चांगली, धडक अजून कच्ची. पुढचा मोसम ठेवून घ्यायची त्यांची तयारी आहे, आता सामन्यांचे थोडे पैसेही मिळतील. लीगबिगचं नाव कोणी काढलेलं नाही, मीही काढत नाही. परीक्षा द्यायला तो पुढच्या आठवड्यात येतोय.

पलीकडे थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मला वाटलं रेंज गेली.

"बरं झालं फोन केला," वडील म्हणाले. "पोरगा परत येईल तेव्हा भगर देतो त्याच्याबरोबर. घरची आहे."

आणि मग खरंच रेंज गेली.

बायकोला सांगितलं, एकादशीला दुकानातून भगर आणू नकोस. असो. उद्या सोमवार, स्टँडअप साडेनऊला.